कवडीच्या कुळातला कप

मंगळीला जव्हारच्या बंगल्यात काम मिळालं ते अंड्यांमुळे. ती माहेरची सूर्यमाळची आणि दिली होती पोशेऱ्याला. भात झोडून झालं, नाचणी कणगीत पडली, की घरच्या कोंबड्यांची अंडी पाटीत घालून ती जव्हारच्या बाजाराला जायची. पाटीच्या तळाला पेंढा, त्यावर अंडी, वर पुन्हा पेंढा. आणि ती पाटी डोक्यावर घेऊन चढ-उतार तुडवताना ती अशी चालायची, की वाटेत भेटणाऱ्याला वाटावं, ही बाई झोपेत चालली आहे. पाहुण्यांच्या बंगल्याचा बटलर इनास हे तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. इतर बायांच्या पाटीत हात घातला की त्याची बोटं चिकट व्हायची. मंगळीच्या पाटीत कधी झाली नाहीत. एकदा त्यानं मुद्दाम तळापर्यंत हात घालून पाहिलं आणि विचारलं, “बाय, तुझ्या हातून कधी काही फुटतं का नाही?”

“फुटतं ना,” मंगळी म्हणाली. “नवऱ्याशी भांडलं का मडकं फुटतं.”

त्यावर इनास एवढा हसला, की त्यानं अंडी मोजून घ्यायचंच सोडून दिलं. दुसऱ्या आठवड्यापासून मंगळी बंगल्यातली भांडी धुवायला लागली.

इनास वसईकडचा ख्रिस्ती. तरुणपणी आगबोटीवर आचाऱ्याच्या हाताखाली राबून जग बघून आलेला, आणि उतारवयात कुणाच्या तरी शिफारशीनं संस्थानच्या नोकरीत, या डोंगरात येऊन पडलेला. समुद्र सुटल्याचं दुःख तो पाहुण्यांच्या कालवणात जरा जास्त मिरी घालून भागवून घ्यायचा. जव्हार संस्थान तसं बेताचं, पण पाहुणचारात हात आखडता नसे. थंडी पडली की ठाण्या-मुंबईकडचे साहेब हवा खायला, शिकारीला, जंगलाच्या कामाला यायचे आणि बंगल्यात उतरायचे. त्यांच्यासाठी विलायतेहून मागवलेला चहाचा सेट होता, पांढराशुभ्र, काठाला निळी वेल. त्या सेटच्या कपाटाची किल्ली इनासच्या गळ्यात क्रुसाच्याच दोऱ्याला असायची. दोन्हींवर त्याची सारखीच श्रद्धा.

पहिल्या दिवशी त्यानं मंगळीपुढं भरलेल्या घागरींची रांग लावली. मंगळीनं त्यातली एक घागर घेतली आणि बाकीचं पाणी राहू द्या म्हणाली. सूर्यमाळला उन्हाळ्यात झऱ्याच्या खळग्यात पाणी झिरपायची वाट बघत बसायचं आणि वाटीवाटीनं भांडं भरायचं. तिथं वाढलेल्या पोरीला धुण्याभांड्याला घागरभर पाणी म्हणजे चैनच. त्या एका घागरीत तिनं सगळा सेट धुतला, पुसला, ओळीनं पालथा घातला आणि उरलेलं पाणी मागच्या पपईला ओतलं. इनास कपाटाला टेकून बघत होता. त्यानं प्रत्येक कप उचलून उजेडात धरला, नाक लावून हुंगला, आणि आपल्या वाटणीची बिस्किटं तिच्या पदरात टाकली. याला त्याच्या भाषेत शाबासकी म्हणत.

तेव्हापासून ठरून गेलं. थंडीपासून वैशाखापर्यंत मंगळी जव्हारला, कमू मावशीच्या घरी राहायची आणि बंगल्यावर कामाला जायची. शेतीची कामं सुरू व्हायच्या आत पोशेऱ्याला परत. तिचा नवरा पोश्या हा शांत, ढिम्म म्हणावा असा माणूस. बायको जव्हारला असली की घर कसं चाललंय असं कुणी विचारलं, तर तो “गुपचूप” एवढंच सांगायचा.

त्या पांढऱ्या भांड्यांविषयी मंगळीच्या मनात काहीही गोंधळ नव्हता. सगळे त्यांना चिनी माती म्हणत, म्हणजे ती मातीची. खोडाळ्याच्या बाजारात कुंभार मडकी मांडून बसतात, तसे चीन नावाच्या गावचे कुंभार असतील, ते जरा गोऱ्या मातीची करतात. हे गाव डहाणूच्या पलीकडं कुठंतरी असणार असा तिचा अंदाज होता, आणि अंदाज म्हणून तो काही चुकीचा नव्हता. पण याच सरळ समजुतीनं एक दिवस घोटाळा केला.

त्या थंडीत एक म्हातारा साहेब जंगल मोजायला म्हणून येऊन राहिला होता. दिवसभर तो नकाशे पसरून बसायचा आणि संध्याकाळी व्हरांड्यात चहा प्यायचा. त्याची एक रीत मंगळीच्या ध्यानात राहिली होती. बाकीचे साहेब कप कुठंही ठेवून उठायचे. कुणी जमिनीवर, कुणी कठड्यावर, एकानं तर कुंडीत ठेवला होता. हा म्हातारा मात्र मंगळी येईपर्यंत थांबायचा, कप तिच्या हातात द्यायचा आणि त्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटायचा. ते काय होतं ते तिला कधी समजलं नाही. शिवी नव्हती एवढं नक्की.

एका सकाळी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. डॉक्टर आला, कचेरीतली माणसं आली, दुपारपर्यंत धावपळ झाली, आणि मग त्याला बैलगाडीत घालून नाशिकच्या वाटेला, त्याच्या लोकांकडं घेऊन गेले. इनास गाडीबरोबर वेशीपर्यंत गेला. बंगल्यात मंगळी एकटी राहिली.

तिनं चूल विझवली. खोली झाडली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की घरात माणूस गेलंय आणि पुढचं काहीच कुणी केलेलं नाही. पोशेऱ्याला काय, सूर्यमाळला काय, माणूस गेलं की मातीचं भांडं घरात राहत नाही. तांब्या-पितळेला राख लावून घासलं की भागतं. पण मडकी, गाडगी, परळ सगळं उचलून बाहेर न्यायचं आणि झाडाखाली फोडायचं. या बंगल्यात तर म्हाताऱ्याची ना बायको ना मूल. रडायलासुद्धा कुणी नव्हतं. मंगळीला त्याची दया आली. आपण खाल्लेलं मीठ त्याचंही आहे असं मनाशी म्हणून तिनं कपाट उघडलं. त्या धावपळीत इनास किल्ली लावायचं विसरला होता. सगळा सेट तिनं पाटीत घातला, खाली पेंढा घालायची सवय होती म्हणून पेंढाही घातला, आणि मागच्या आंब्याखाली नेऊन एकेक फोडायला घेतला.

पहिला कप फुटला तेव्हाच ती चपापली. मडकं फुटतं ते भद्द करून. हा खण्णकन फुटला आणि आवाज बराच वेळ रेंगाळला. तिनं तुकडा उचलून पाहिला. मडक्याचं खापर आतून खरबरीत असतं, हा तुकडा आतूनही तसाच गोरा, तसाच गुळगुळीत. तरी तिनं काम सोडलं नाही. आणखी दोन फोडले, बश्यांसकट. चौथ्याची बशी फोडून कपावर दगड उगारला, तेवढ्यात इनास फाटकातून आत शिरला आणि असा ओरडला, की आंब्यावरचे कावळे उडाले. दगड निसटून कपाला चाटून गेला.

“बाय, हे काय केलंस?”

“म्हातारा गेला ना,” मंगळी म्हणाली. “मातीचं घरात कसं ठेवायचं?”

“तुला कुणी सांगितलं हे करायला?”

“कोण सांगल? त्याचं हितं कोण हाय? म्हटलं, आपण करू.”

इनासनं शिव्या द्यायला उघडलेलं तोंड मिटलं. तो तिथंच आंब्याच्या मुळीवर बसला. छातीवर क्रूस केला आणि टोपी काढली. त्याला सेटचं दुःख होतंच, ते लपवण्याइतका तो साधूपुरुष नव्हता. पण आपण वेशीवरून परत फिरलो आणि या बाईनं मागं राहून म्हाताऱ्याचं सुतक पाळलं, हेही त्याला लागलं.

थोड्या वेळानं उठून तो आपल्या खोलीत गेला आणि पेटीतून एक कवडी घेऊन आला. कवड्या मंगळीनं पुष्कळ पाहिल्या होत्या. बैलांच्या गळपट्ट्याला असतात, देवीच्या परडीत असतात. ही मात्र मुठीएवढी होती आणि हिच्या पाठीवर बिबट्यासारखे ठिपके होते. इनासनं ती पालथी केली आणि तिच्या पोटाशी फुटक्या कपाचा तुकडा धरला.

“बघ,” तो म्हणाला.

मंगळीनं पाहिलं. तोच पांढरा रंग, आणि कोरडं असून ओलं दिसावं तशी तीच झळाळी.

“मी बोटीवर होतो तिथला मोठा आचारी इटली देशाचा,” इनास सांगू लागला. सांगायला लागला की त्याचं दुःख कमी व्हायचं. “तो या भांड्यांना पोर्चेलाना म्हणायचा. साहेब पोर्सलेन म्हणतो ते त्यातूनच आलं. आणि त्या आचाऱ्याच्या मुलखात पोर्चेलाना म्हणजे मुळात ही. कवडी.”

“म्हंजे कवडी दळून करतात?”

“तिकडच्या लोकांनाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं. चीनहून पहिली भांडी त्यांच्याकडं गेली तेव्हा त्यांनी असं काही पाहिलंच नव्हतं. त्यांची भांडी आपल्या मडक्यांसारखी. हे हातात घेतलं, उजेडात धरलं, तर पलीकडची बोटं दिसतात. म्हणाले, ही कवडीच. कुणी म्हणे, शिंपले कुटून जमिनीत पुरून ठेवतात, आणि नातवंडांनी ते उकरून भांडी करायची. नाव पडलं ते पडलं.”

“आन खरं काय?”

इथं इनासला खोटं बोलता आलं असतं आणि पुढं मंगळीची एक मोठी कटकट वाचली असती. पण कपाच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे. “मातीच,” तो म्हणाला. “पांढरी माती. पण भट्टीत अशी भाजतात, की तिची तहान मरते. मग ती पाणी पीत नाही. म्हणून हे नुसतं धुतलं तरी चालतं, बाय. फोडायला नको.”

मंगळीनं पायाशी पडलेल्या तुकड्यांकडं पाहिलं. तीन कप तर फुटले होते. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, “आन कवडीला तरी असं नाव का पडलं?”

आता मात्र इनासच्या मिशा हलल्या. “पोर्चेला म्हणजे डुकराची पिल्ली. हिची पाठ बघ, कशी गरगरीत आहे. त्यांना तिच्यात डुकराचं पिल्लू दिसलं.”

मंगळीनं त्या कवडीकडं पाहिलं. रानडुकरांनी नाचणीचं वावर नांगरून ठेवलेलं तिनं दर वर्षी पाहिलं होतं. त्यांच्या मागं फिरणारी ती गुबगुबीत पिल्लंही पाहिली होती. “म्हंजे साहेबलोक रोज सकाळी डुकरातून चहा पितात?” ती म्हणाली आणि हसायला लागली. मग माणूस गेलेल्या घरात आपण हसतोय हे ध्यानात येऊन तिनं पदर तोंडाला लावला. इनासही हसत होता. “हे कचेरीत बोलू नकोस,” तो डोळे पुसत म्हणाला. “तिथल्या एका कारकुनानं मोठ्या मुश्किलीनं या कपातून चहा प्यायला सुरुवात केली आहे.”

वर कचेरीत त्यानं काय सांगितलं ते मंगळीला कधीच कळलं नाही. ती कामावर राहिली. वैशाखात पोशेऱ्याला निघाली, तेव्हा इनासनं तो चौथा कप तिच्या हातात ठेवला. बशी गेलेला आणि काठापासून पोटापर्यंत केसाएवढी चीर पडलेला कप साहेबापुढं ठेवता येत नाही, असं तो जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला. मंगळीनं तो अंड्यांच्या पाटीत, पेंढ्याच्या मधोमध ठेवला. त्या दिवशी ती नेहमीपेक्षाही हळू चालली.

घरी तिची सासू होती, फागी. मंगळी तिला ‘आत्ये’ म्हणायची. दात गेलेले, हात कापणारे, पण जीभ अजून ठणठणीत. फागीनं कप हातात घेतला, हुंगला, नखानं वाजवला आणि काठ हिरड्यांत धरून चावूनही पाहिला.

“ह्या कशाचं गं?”

मंगळीनं सगळं सांगितलं. इटलीचा आचारी, कवडी, डुकराची पिल्ली, आणि शेवटी माती. काहीच लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. पण म्हातारी माणसं ऐकायचं तेवढंच ऐकतात. फागीनं त्यातली कवडी तेवढी उचलली.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की ओसरीवरून हाक यायची, “मंगळे, माझी कवडी आण.” बंगल्यात एकदा उकळलेली चहाची पत्ती इनास फेकत नसे, ती उन्हात वाळवून मंगळीला द्यायचा. त्या दुसऱ्या वेळच्या पत्तीला गूळ घालून काळा चहा व्हायचा, आणि तो फागी डोळे मिटून प्यायची. पाड्यावरच्या म्हाताऱ्या तिच्याशी जास्तच गोड बोलू लागल्या. फागीनं कुणाला चव दिली तरी कप मात्र हातातून सोडला नाही. चहा नेहमी थोडा तिच्या लुगड्यावर सांडायचा. हात कापतो म्हणून सगळे म्हणत. मंगळीला चीर ठाऊक होती. कप काठोकाठ भरला की त्या चिरेतून एखादा थेंब बाहेर यायचा. ती काही बोलली नाही. म्हातारीला काठोकाठच लागायचा.

आणि मंगळी? ती तो कप धुवायची, पुसायची आणि शिंक्यात ठेवायची. हे तिचं बंगल्यातलंच काम घरी आलं होतं आणि त्यात तिला काही कमी वाटत नव्हतं.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग एका थंडीत फागीनं अंथरूण धरलं. त्या वर्षी मंगळी जव्हारला गेलीच नाही. फागीनं फार त्रास दिला नाही. एका संध्याकाळी कप अर्धा पिऊन तिनं बाजूला ठेवला, “गूळ कमी झाला,” म्हणाली, आणि सकाळी उठली नाही.

खोडाळ्याला दिलेली तिची लेक रुपी आली. रुपीचा आईवर फार जीव होता. ती रडून रडून अर्धी झाली. दिवस घालायच्या आधी घर सारवायला काढलं, तेव्हा मातीची भांडी बाहेर उंबराखाली न्यायचं काम तिनंच हातात घेतलं. पाण्याचे डेरे गेले, कालवणाची मडकी गेली, दाणे भाजायचं खापर गेलं. मग ती शिंक्यापाशी येऊन थांबली.

“वयनी,” ती म्हणाली, “हा पण मातीचाच ना?”

मंगळीच्या हातातला सारवणाचा बोळा तसाच राहिला. “आत्या कवडी म्हणायची,” ती म्हणाली.

“आय म्हणायची. तू काय म्हणतेस?”

एका शब्दानं कप वाचला असता. मंगळीनं तो शब्द तोंडापर्यंत आणला आणि गिळला. जव्हारला तिनं परक्या म्हाताऱ्यासाठी तीन कप फोडले होते. आणि इथं घरच्या म्हातारीच्या वेळी खोटं बोलून एक लपवायचा? “माती हाय,” ती म्हणाली. “पण येगळी हाय.”

“मग बाहेर काढ,” रुपी म्हणाली. “ह्याच्यातून ती रोज प्यायची. हा ऱ्हायला तर माझी आय हितंच घुटमळंल. मना ती सुटलेली पायजे, वयनी. मना कपाशी काय करायचं हाय?”

रागवावं असं त्यात काही नव्हतं, आणि तेच अवघड होतं. मंगळीलाही म्हातारी सुटायला हवी होती. पण शिंक्यात तो पांढरा कप नसलेलं घर तिला बघवलं नसतं. फागीच्या लुगड्यांना, काठीला, पानाच्या चंचीला वाटेकरी होते. संध्याकाळच्या त्या हाकेतलं काही उरलं असेल तर ते या कपातच होतं.

शेवटी पुंजाबाबाला बोलावलं. पोश्याचा हा थोरला चुलता. पाड्यावरचं मर्तिकाचं, लग्नाचं सगळं त्याच्या विचारानं चाले. त्यानं कप मांडीवर घेऊन मंगळीला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ती सांगत गेली. म्हातारा साहेब, आंब्याखालचे कप, इनासची कवडी. डुकराच्या पिल्लीपाशी पुंजा गालातल्या गालात हसला. तहान मरते या शब्दापाशी मात्र त्यानं तिला थांबवलं.

“पुन्हा सांग.”

“बटलर म्हनला, भाजून भाजून मातीची तहान मरते. मग ती पानी पीत नाय.”

पुंजानं काठीनं जमीन टोकरली. “आपण मडकं का फोडतो?” मग तो रुपीला म्हणाला. “मडकं पितं, म्हणून. माणसाच्या हातचं, तोंडचं पीत ऱ्हातं. माणूस गेलं तरी त्याची तहान जात नाय; ते त्या माणसाला हाका मारतं. म्हणून त्याला मोकळं करायचं. आता हे पितं का नाय पित, ते ह्यालाच इचारू.”

सारवलेल्या अंगणात त्यानं चुलीतली राख चाळून दोन ठिकाणी पसरली. एका राखेवर रुपीनं घरासाठी खोडाळ्याच्या बाजारातून आणलेला कोरा डेरा ठेवला, दुसरीवर कप. “दोन्ही काठोकाठ भर,” तो मंगळीला म्हणाला. “गुरं घरी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाय. ज्याच्या खालची राख भिजंल ते पिणारं.”

डेरा भरला. मग कपात ओतताना अर्ध्यावर मंगळीचा हात थांबला. चीर तिथपर्यंतच होती. एवढंच पाणी ठेवलं तर राख कोरडी राहणार, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुंजा दुसरीकडं बघत होता. रुपी डोळे पुसत होती. मंगळीला वाटलं, ओसरीवरून आत्या बघते आहे आणि विचारते आहे, एवढासाच का गं? तिनं कप काठोकाठ भरला.

दिवस कधी नव्हे एवढा लांबला. भाकऱ्या झाल्या, माणसं आली-गेली, काळी नावाच्या शेजारणीनं दोनदा शेळ्या हाकलल्या. मंगळी एकदाही अंगणाकडं बघायला गेली नाही. पोश्या मात्र येता-जाता बघायचा आणि काही न बोलता आत यायचा. त्याच्या ढिम्मपणाचा राग तिला लग्न झाल्यापासून एवढा कधी आला नव्हता.

गुरांच्या घंटा ऐकू आल्या तशी सगळी अंगणात जमली. पुंजानं आधी डेरा उचलवला. खाली राखेवर ओलं, काळं, भाकरीएवढं कडं उमटलं होतं. मग त्यानं दोन बोटांनी कप उचलला. राख कोरडी होती. फक्त एका बाजूला, चिंचोक्याएवढा, काळा ठिपका पडला होता.

मग मागून काळी हळूच म्हणाली, “प्यालं.”

मंगळीनं मान खाली घातली. तिनं मनातल्या मनात कप आंब्याखाली, नाही, उंबराखाली नेऊनही ठेवला होता. तेवढ्यात रुपी पुढं झाली. तिनं पुंजाच्या हातून कप घेतला, उजेडाकडं धरला आणि बाहेरून बोट फिरवत गेली. एका जागी बोट थांबलं. ते ओलं झालं होतं.

“हे प्यालं नाय,” ती म्हणाली. “हे सांडलं.”

पुंजानं वाकून पाहिलं.

“आयचं पण रोज सांडायचं,” रुपी म्हणाली आणि रडता रडता हसली. “आमी तिच्या हाताला बोलायचो.”

पुंजाबाबानं त्या ठिपक्याकडं पुन्हा एकदा पाहिलं आणि काठी टेकत उठला. “पिणं येगळं, सांडणं येगळं,” तो म्हणाला. “राख लावून घासा आन घरात घ्या. पाहिजे तर कवडी म्हणा.” जाता जाता त्यानं पोश्याला, डुकराच्या पिल्लीचं पुन्हा एकदा सांग रे, असंही म्हटलं, पण पोश्याला ते नीट सांगता आलं नाही.

मंगळीनं तीच राख घेऊन कप घासला, घागरीतल्या चूळभर पाण्यात धुतला आणि चुलीवर चहा ठेवला. पहिला कप भरून तिनं रुपीपुढं धरला. रुपीनं घेतला नाही.

“आधी तू,” ती म्हणाली. “तू प्यालीस कवा ह्याच्यातून?”

मंगळीला आठवून बघावं लागलं. बंगल्यातले किती कप, किती वर्षं तिच्या हाताखालून गेले होते. त्यांचं वजन, त्यांचा ओला निसरडेपणा तिला डोळे मिटून सांगता आला असता. “नाय प्याले,” ती म्हणाली. “मना धुवायचीच सवय.”

“मग बस हितं.”

ओसरीवर फागीच्या जागी घोंगडी अजून तशीच होती. मंगळी तिच्या कडेला बसली आणि कप दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला. काठ पातळ होता, गरम होता, आणि ओठाला मऊ लागत होता. खापरासारखा कुठं ओढत नव्हता. आत्या डोळे का मिटायची ते तिला कळलं. तिनंही मिटले.

चिरेतून एक थेंब आला आणि तिच्या लुगड्यावर पडला.

“सांडलं,” रुपी म्हणाली.

“सांडू दे,” मंगळी म्हणाली आणि दुसरा घोट घेतला.